त्याच्यासमोर उभं राहायचं नाही

"बाई, एक सांगून ठेवते. त्याच्यासमोर उभं राहायचं नाही."

पोहण्याच्या तलावाच्या दारातच एक खिडकी होती. तिच्यात बसून रबरी टोप्या आणि कपाटांच्या किल्ल्या देणाऱ्या मावशींनी हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि पाऊल पुढे पडेपर्यंत विसरूनही गेली.

खरं तर इशारा असा वाऱ्यावर सोडणारी बाई ती नव्हेच. इशारे वाचणं हाच तर तिचा पोटापाण्याचा उद्योग. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला, बारीक अक्षरांचा एक पातळ कागद असतो ना — आपण न वाचता चुरगाळतो तो — छपाईला जाण्याआधी तो शेवटचा वाचून बघणारं माणूस म्हणजे ती. एखादं टिंब इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, या धाकात तिचा अख्खा दिवस जायचा. घरी आल्यावर हाच धाक तिच्या मागोमाग आत यायचा. सहा वर्षांच्या चिऊचं दूध फार गरम तर नाही ना, दाराची कडी नीट लागली ना, चिऊ झोपेत श्वास घेतेय ना... कपड्यांना कडक इस्त्री, केसांची एक बट सुटलेली नाही, बोलणं पूर्ण वाक्यांत. अशा बाईने मावशींचा साधासा इशारा कानाआड केला, कारण तो ऐकून तिला आधी रागच आला. समोर उभं राहायचं नाही म्हणजे? कोण लागून गेलाय असा?

तो कोण लागून गेलाय हे तिला लगेच दिसलं.

तलावाच्या काठावर एका लाकडी स्टुलावर एक माणूस बसला होता. अंगात रंग उडालेला, दोन माणसं मावतील एवढा सैल पिवळा टी-शर्ट. खाली अर्धी चड्डी. पायांत रबरी चपला — एक निळी, एक काळी. डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही पाय ऐसपैस पसरलेले, आणि तोंडाने कुठलंसं गाणं गुणगुणणं चाललेलं. तेही धड नाही! अर्ध्या ओळीवर थांबायचा, मग मध्येच पुढचं उचलायचा. गाणंसुद्धा पुरं म्हणायचा कंटाळा.

"अहो, ऐकता का? इथले लाइफगार्ड कुठे भेटतील?"

"भेटले की."

"कुठे?"

"तुम्ही बोलताय त्यांच्याशी."

तिने त्याला निळ्या चपलेपासून काळ्या चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही?"

"मीच. वाईट वाटून घेऊ नका. हळूहळू सवय होते माझी."

आणि हे सगळं तो तिच्याकडे मान न वळवता बोलत होता! जणू ती त्याच्या डाव्या कानाला भेटायला आली होती.

"माझी मुलगी आजपासून शिकायला येणार आहे. पाणी किती खोल आहे, ते मला कळायला हवं."

"या टोकाला पोरांच्या छातीपर्यंत. त्या टोकाला तुमच्या डोक्यावरून जाईल. अर्थात मान अशीच ताठ ठेवलीत तर नाकपुड्या वर राहतील."

"माझी मान ताठ आहे हे तुम्हाला न बघताच कळलं?"

"आवाजावरून."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरातरा पुढे होऊन ती थेट त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली — कडक पांढरा शर्ट, काळी पँट, पॉलिश केलेले बूट. म्हटलं, आता बघ बरं माझ्याकडे.

"बाजूला," तो म्हणाला. 'व्हा' नाही, 'कृपया' नाही. नुसतं 'बाजूला'. आणि बसल्या जागेवरून कंबरेत वाकून तिच्या पलीकडे मान काढली, खिडकीतला पडदा सरकवावा तसं.

घरी जाताना चिऊ ओल्या केसांनी बागडत होती. "आई, त्यांचं नाव बदकदादा! सगळे तसंच म्हणतात. मला म्हणाले, अंग एकदम सैल सोड, मग पाणी तुला उचलून घेतं."

"सैल सोड म्हणाले? म्हणणारच. दुसरं काय येतंय त्यांना!"

आता तिला 'सैल' या गोष्टीचं एवढं वावडं का, ते सांगायला हवं.

तिचं लग्न मोडलं होतं. भांडून नव्हे, आदळआपट करून नव्हे. सकाळी टोस्टला लोणी लावता लावता नवरा म्हणाला होता, "सहज एक सुचलं. आपण वेगळं राहून बघूया का?" नजर फोनवर. ती थरथरत काहीतरी बोलायला लागली, तर म्हणाला, "बोल ना, ऐकतोय." तेव्हाही नजर फोनवरच. वर्ष उलटलं, कागदोपत्री सगळं झालं, पण ते 'सहज' तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. सुरी परवडली, निदान ती आपण धारदार आहोत हे लपवत तरी नाही.

त्यात ऑफिसात नवे साहेब आले. गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून यायचे. पहिल्याच दिवशी टेबलावर बसून, हो, टेबलावर, त्यांनी जाहीर केलं, "आजपासून साहेब-बिहेब बंद. अरे-तुरे करायचं. कपडे कॅज्युअल, गप्पा कॅज्युअल. आपण एक कुटुंब आहोत, काय?" कुटुंबातल्या या मोठ्या भावाचे मेसेज मग चिऊला भरवताना यायला लागले. 'सहज विचारतोय, ते काम झालं का?' कपडे सैल झाले आणि फास तेवढा आवळला. अरे-तुरेमुळे एकच सोय झाली: नाही म्हणायची सोय गेली. साहेबांना नकार देता येतो हो, भावाला कसा द्यायचा?

हा सगळा राग घेऊन ती एक दिवसाआड तलावावर यायची. दुसऱ्या आया बाकावर गप्पा मारत बसत. ही स्टुलापासून हातभर अंतरावर उभी. त्याच्यावर लक्ष ठेवायला, असं ती स्वतःला सांगायची.

"आज कुठल्या गोळीवर रागावलात?" तो पाण्याकडे तोंड करून विचारायचा.

"गोळीवर नाही. मलमावर."

"मलमावर! मग राग वरवरचा आहे. चोळला की जाईल."

"तुम्हाला कशाचंच गांभीर्य नाही का हो?"

"आहे की. पण ते मी घरी ठेवून येतो. इथे ओलं होतं."

तिला हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग यायचा. चिऊ आधी काठाची दांडी सोडायची नाही. मग एका हाताने सोडली, मग... एक दिवस पाठीवर पडून आभाळाकडे बघत तरंगली. हिने श्वास रोखून धरला होता.

"आता तुम्ही श्वास घ्या," तो म्हणाला. "बुडायचं काम तिचं नाही, आणि तुमचं तर नाहीच नाही. तुम्ही काठावर आहात."

"मी श्वास घेत नव्हते, हे—"

"आवाजावरून. म्हणजे आवाज नव्हता त्यावरून." मग जरा थांबून, अगदी हळू, "निळा बरा दिसतो तुम्हाला. पांढऱ्यात तुम्ही कुणाला तरी इंजेक्शन द्यायला आल्यासारख्या दिसता."

तिने दचकून स्वतःच्या निळ्या शर्टाकडे पाहिलं. आल्यापासून एकदाही त्याने मान वळवली नव्हती. मग?

ताईला फोनवर ती तावातावाने हे सांगत होती. ताई शांतपणे ऐकून म्हणाली, "मला एक कळत नाहीये. त्या माणसावर तू रागावतेस की त्याची वाट बघतेस?"

"ताई! काहीतरीच काय! चपला दोन रंगांच्या असतात त्याच्या."

"एवढं बघितलंस?"

तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर हात आपोआप निळ्या शर्टावर गेला... तिने तो मागे घेतला, पांढरा काढला, पुन्हा ठेवला, आणि निळाच घातला. स्वतःवर प्रचंड चिडून.

त्या दिवशी ऑफिसात भडका उडाला. एका गोळीच्या कागदावर यकृताचा आजार असलेल्यांसाठी एका ओळीचा इशारा होता. त्या ओळीपायी कागदाला एक घडी वाढत होती. साहेब तिच्या खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणाले, "ही ओळ काढून टाक ना गं. कोण वाचतंय? सहज सुचवतोय, फार मनावर घेऊ नकोस."

"मी मनावरच घेते," ती म्हणाली. "त्याचाच पगार मिळतो मला. आणि तुम्ही सहज सुचवू नका, आदेश द्या. लेखी. तुमच्या सहीने."

साहेबांचा चेहरा पडला. सही करायची म्हटल्यावर ओळ राहिली. पण जाता जाता ते म्हणालेच, "तू फार फॉर्मल आहेस. रिलॅक्स होत जा."

ती तलावावर पोहोचली ती हाच राग घेऊन. कुणाला तरी हे सांगायचं होतं. कुणाला तरी कशाला — त्यालाच सांगायचं होतं. वाटेत तिने सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

"आज ना ऑफिसात..." तिने सुरुवात केली आणि गळाच दाटून आला. "आज काय झालं माहितेय..."

तो गुणगुणत होता. थांबला. पुन्हा गुणगुणू लागला.

"माझ्याकडे बघता का जरा?" ती म्हणाली. आवाज फुटला होता, तिला ते कळत होतं. "एकदा. फक्त एकदा माझ्याकडे बघून ऐका."

त्याची मान हलली नाही. "बोला ना," तो म्हणाला. "ऐकतोय."

बोल ना, ऐकतोय.

तेच शब्द. तसाच दुसरीकडे वळलेला चेहरा. तिच्या कानांत लोणी लावणाऱ्या सुरीचा आवाज घुमला. ती वळली आणि तडक मॅनेजरच्या खोलीत गेली.

खोली थंडगार. टायवाला मॅनेजर काचेतून तलाव दिसेल अशा बेताने बसलेला, पण खुर्ची दाराकडे वळवलेली. ती बोलत सुटली. कपड्यांचं काही भान नाही, चपला एक निळी, एक काळी, बोलणं चहाच्या टपरीवरचं, माणूस समोर उभं राहून बोलतंय तर त्याच्याकडे बघायची रीत नाही...

"समजलं," मॅनेजर म्हणाला. "काळजीच नको. तो कॅज्युअलच आहे आमच्याकडे."

रागाच्या भरात तिने नुसती मान हलवली. अक्षरन् अक्षर चाळणीतून गाळणाऱ्या बाईने तो शब्द तेवढा तसाच जाऊ दिला. कॅज्युअल म्हणजे काय, असं विचारलं नाही.

पुढच्या वेळी ती चिऊला घेऊन आली तेव्हा स्टूल रिकामं होतं. शेजारी एक नवा माणूस उभा होता. निळी पँट, पांढराशुभ्र गणवेश, इस्त्रीची घडी सुरीसारखी, बूट चकचकीत, छातीवर बिल्ला. तिला बघताच तो चार पावलं पुढे आला, मान लववली.

"नमस्कार मॅडम. आजपासून मी इथे रुजू झालो आहे. आपल्याला काहीही अडचण असल्यास निःसंकोच सांगावं."

थेट तिच्या डोळ्यांत बघून बोलला. आधी तिला बरं वाटलं... हे असं हवं! पूर्ण वाक्य. नीट कपडे. नजरेला नजर.

"आपली कन्या कोणती?"

"ती, लाल टोपीवाली."

"वा. गोड आहे," तो म्हणाला. तिच्याकडे बघतच.

"तुम्ही बघितली?"

"आपण दाखवलीत ना मॅडम. आपल्या आधीच्या तक्रारीबद्दल मला मॅनेजरसाहेबांनी सविस्तर सांगितलं आहे. संभाषण करताना समोरच्या व्यक्तीकडे पाहणं, ही तर प्राथमिक सभ्यता आहे. माझ्याकडून आपल्याला..."

तो बोलत होता. त्याच्या खांद्यामागे पाणी चमकत होतं. त्याच्या खांद्यामागे. म्हणजे त्याची पाठ—

 हा माझ्याकडे बघतोय. मग चिऊकडे कोण बघतंय?

लाल टोपी... लाल टोपी कुठे गेली... तिची नजर पाण्यावरून सैरावैरा धावली. हिरवी टोपी, पिवळी टोपी, पुन्हा हिरवी... आणि मग दिसली. दांडी धरून चिऊ जांभई देत होती. काही म्हणजे काही झालं नव्हतं. तरी ती गर्रकन गणवेशवाल्याकडे वळली.

"माझ्याकडे काय बघताय!" ती किंचाळली. "पाण्याकडे बघा!"

"मॅडम, सभ्यता म्हणून—"

"चुलीत घाला ती सभ्यता! पाण्याकडे बघा म्हणते ना!"

बाकावरच्या आया उठून उभ्या राहिल्या. आणि तिला, त्या ओरडण्याच्या मधोमध, ते गाणं आठवलं. अर्ध्या ओळीवर थांबणारं. एखादं पोर पाण्याखाली गेलं की ते थांबायचं... आणि डोकं वर आलं की पुढे सुरू व्हायचं. कंटाळा नव्हता तो! पाण्यातल्या प्रत्येक डोक्याबरोबर त्या माणसाचा श्वास खालीवर होत होता, आणि पोरांना भीती वाटू नये म्हणून त्या श्वासाला त्याने चाल लावली होती. तिचा नवरा तिच्याकडे बघत नव्हता, कारण त्याला कशाचंच पडलेलं नव्हतं. हा बघत नव्हता, कारण त्याच्या नजरेसमोर तिची चिऊ होती.

दोघांची मान एकाच बाजूला वळलेली म्हणून तिने दोघांना एकाच माळेत ओवलं होतं.

मॅनेजरच्या खोलीचं दार तिने ढकललं ते भिंतीवर आपटलं.

"त्यांना परत बोलवा."

"कुणाला? अहो, तुम्हीच तर—"

"मी काढा म्हटलं नव्हतं. बघत नाहीत, एवढंच म्हटलं होतं. सहज म्हटलं होतं मी!"

शब्द तोंडातून गेला आणि तिचा हातच ओठांवर गेला.

"आणि आम्ही सहज काढला," मॅनेजर हसत म्हणाला. "कॅज्युअल माणूस. आज ये म्हटलं, आला. उद्या येऊ नकोस म्हटलं, विषय संपला. नोटीस नाही, कटकट नाही. यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?"

"काय आहे? सगळ्या गावाची पोरं ज्याच्या भरवशावर पाण्यात उतरतात, तो आज आहे, उद्या नाही! आणि ज्यांच्या भरवशावर नुसती ही खोली थंड राहते, ते तुम्ही कायम! त्यांचे कपडे सैल होते, नोकरी सैल होती, बोलणं सैल होतं. नजर सैल नव्हती हो. तुमचं उलटं आहे. टाय तेवढा घट्ट आहे, बाकी सगळा आनंद! पत्ता द्या त्यांचा."

"कॅज्युअल माणसांचे पत्ते आम्ही ठेवत नाही."

ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, तिचं तिलाच ठरवता येईना.

"पत्ता कशाला हवा?" खिडकीतून मावशी म्हणाल्या. "मागच्या कुंपणापाशी जा. तिथेच उभा असतो या वेळेला. तरी सांगितलं होतं, समोर उभी राहू नकोस. बाजूला उभी राहिली असतीस तर काय झिजली असतीस?"

"मावशी, तुम्ही कारण का नाही सांगितलंत?"

"तू कुठे विचारलंस?"

तलावाच्या मागे तारेचं कुंपण होतं, त्याला लागून झुडपं. झुडपांत रंग उडालेला पिवळा टी-शर्ट. तारेत बोटं अडकवून तो पाण्याकडे बघत उभा होता. काळा चष्मा, निळी चप्पल, काळी चप्पल.

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. समोर नाही, शेजारी.

"कामावरून काढलं ना तुम्हाला?"

"हं."

"मग इथे काय करताय?"

"काही नाही. सहज आलो होतो."

आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या शब्दाचा राग आला नाही. इतकं धडधडीत खोटं बोलणारा माणूस तिने पाहिलाच नव्हता.

"रागावलाय?"

"खूप. बघा ना, पुन्हा पाठ केलीय त्याने पाण्याकडे. हिरव्या टोपीवाला दमलाय, एव्हाना बाहेर काढायला हवा होता."

"त्याच्यावर नाही. माझ्यावर."

"तुमच्यावर पण आहे. पण तुमचा नंबर नंतर. आधी पोरं बाहेर येऊ देत."

"मला आत्ताच बोलायचंय," ती म्हणाली. "आणि... तुम्ही माझ्याकडे बघून ऐकायला हवं. मला माहितेय तुम्हाला नाही बघता येणार. कळलंय मला आता. तरी मला हवंय."

 कुंपणाच्या तारेवर त्याची बोटं घट्ट झाली. मग त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी कडाडून शिट्टी मारली की झुडपातले पक्षी उडाले.

आणि तलाव रिकामा होऊ लागला.

लाल टोपी, हिरवी टोपी, पिवळी टोपी... एकेक पोर सवयीने काठाकडे वळलं, हातावर जोर देऊन वर आलं आणि पाय आत सोडून ओळीने बसलं. गणवेशवाला गोंधळून आपल्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत होता. "बदकदादा आला!" चिऊचा आवाज आला. तो ओठांतल्या ओठांत डोकी मोजत होता. शेवटचं डोकं काठावर आलं. पाण्यावरच्या लाटा बारीक झाल्या, मग विरल्या.

तेव्हा कुठे त्याने चष्मा काढला आणि मान वळवली.

उन्हाने रापलेला चेहरा आणि डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं — चष्म्याखाली राहून गेलेली. त्यांच्या मधोमध तपकिरी, थकलेले, हसरे डोळे. आणि ते थेट तिच्याकडे बघत होते.

"बोला," तो म्हणाला.

त्या दिवशी वाटेत जुळवलेली वाक्यं, मॅनेजरपुढे पाजळलेली जीभ... सगळं पसार! ती त्या डोळ्यांकडे बघत राहिली आणि मग खाली चपलांकडे बघायला लागली.

"अहो, बोला लवकर. पोरं कुडकुडतायत."

"तुम्ही... माझ्यावर रागवा."

"एवढ्यासाठी तलाव रिकामा करवलात?"

"मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे कधी बघतच नाही."

"रोज बघत होतो," तो म्हणाला. "पाण्यात. तुम्ही काठाशी उभ्या राहिलात की खाली तुमचा रंग पडायचा. कधी पांढरा, कधी निळा. पोरांनी पाय मारले की तुकडे तुकडे व्हायचे, मग पुन्हा जुळायचे. मला रोज वाटायचं, ही बाई सबंध दिसते कशी?"

"मग..." तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "कशी दिसते?"

तो बघत राहिला. घाई नसल्यासारखा. "कॉलर वाकडी झालीय," तो म्हणाला. "भांडून आलात वाटतं माझ्यासाठी?"

तिचा हात झटक्याने गळ्याकडे गेला... आणि अर्ध्यातच थांबला. राहू दे. वाकडी तर वाकडी.

"त्या दिवशी काहीतरी सांगत होतात ऑफिसातलं," तो म्हणाला. "गळा दाटला होता तुमचा. ऐकत होतो मी खरंच. खोल टोकाला एक पोर गटांगळ्या खाणार असं वाटत होतं, म्हणून... पण नंतर घरी जाऊन तेच आठवत बसलो. काय झालं होतं?"

मग तिने सांगितलं. साहेब, ती एक ओळ, सही, सगळं. तो तिच्याकडे बघून ऐकत होता, आणि कुंपणापलीकडे पोरं दात वाजवत होती.

तिथेही एक गंमत चालू होती. गणवेशवाला सांगत होता, "चला मुलांनो, पुन्हा पाण्यात." आणि चिऊ, सुरुवातीला दांडीही न सोडणारी चिऊ, कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "बदकदादा आत आल्याशिवाय आम्ही नाही उतरणार!" आया टॉवेल घेऊन आल्या, पोरांना गुंडाळलं आणि त्याही काठावर ठाण मांडून बसल्या. टायवाल्याला थंड खोली सोडून उन्हात यावंच लागलं.

"बरं बरं, येऊ दे त्याला," तो कपाळ पुसत म्हणाला.

"तसं नाही," ती कुंपणापलीकडून ओरडली. "आधी कायम करा!"

"वरती विचारावं लागेल. बघू."

ते 'बघू' अजून चालू आहे. त्याच संध्याकाळी बदकदादा स्टुलावर परतला, पण कागदावर आजही कॅज्युअलच आहे. ती दर आठवड्याला त्या थंड खोलीत जाते, इस्त्रीचा शर्ट घालून, पूर्ण वाक्यांत भांडते. आता तिच्या मागे आयांची रांग असते. सोडणार नाहीये ती.

शिकवणी संपली, शेवटचं पोर टॉवेलात गेलं, की तो चष्मा काढतो. आणि तेव्हा ती मावशींच्या देखत, अगदी जाणूनबुजून, त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

परवा त्याने विचारलं, "आता 'तू' म्हणू का?"

ती हसली. "नको. अजून थोडे दिवस 'तुम्ही'च म्हणा. कुणीतरी मला जपून हाक मारतंय असं वाटतं." मग मान खाली घालून, "आणि... कायमचं विचारायचं असेल तेव्हा 'तू' म्हणा. मी ओळखेन."

तो नुसता बघत राहिला. पाणी स्तब्ध होतं, म्हणून बघू शकला.

आता तुमच्यासाठी एक. तुमच्याही पोरांच्या आसपास असा कुणी असेल. सैल कपड्यांतला, अघळपघळ बोलणारा, तुमच्याशी बोलताना भलतीकडेच बघणारा. उद्या तिकडे गेलात की तो जागेवर आहे का, तेवढं बघा. नसेल तर सहज विचारू नका. मोठ्याने विचारा.